श्रावणातली दुखणी

मागच्या आठवड्यात गोंदियाच्या कॉलेजातल्या एका मुलीचा फोन आला. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. हायकोर्टाच्या नागपूरच्या खंडपीठात लॉ क्लार्क म्हणून तिची निवड झाली होती आणि जायचं की नाही ते लवकर कळवायचं होतं. "ताई, खरं सांगा, त्यात काही अर्थ आहे का? की वर्ष वाया जाते?" मी हो म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं. पण वकिलाला एका शब्दात उत्तर देता आलं असतं तर देशातली निम्मी कोर्टं ओस पडली असती. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायला बसले आणि हाच प्रश्न मला पडला होता ते दिवस आठवले.

आमचं गाव देवरीच्या पुढे, रस्ता जंगलात शिरतो त्या बाजूला. घरची धानाची शेती. मी शाळेत होते तेव्हा शेजारच्या शेतवाल्याशी धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा वाद झाला आणि आई तालुक्याच्या कोर्टात जाऊ लागली. बाबांना कोर्टाची भीती वाटे, आईला कशाचीच वाटत नसे. मी तिच्याबरोबर जायची, कारण पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख संपली की हायवेवरच्या हॉटेलात आलूबोंडा मिळायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मला तर त्या पायरीवर बसून फार मजा वाटे.

आमचे वकीलसाहेब कोर्टाबाहेरच्या टिनाच्या शेडखाली टेबल टाकून बसत. पक्षकार आला की ते आधी चहा मागवत आणि चहा संपेपर्यंत फाइल उघडत नसत. गरम चहा हातात असताना माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते फार पटलं होतं आणि वकील व्हायचं मी तिथेच ठरवलं.

त्या दिवसांतली एक गोष्ट आमच्या घरात अजून हसत सांगितली जाते. एका पेशीला आई गेलीच नाही. धानाची रोवणी ऐन भरात होती, गावातलं कुणीच गाव सोडून जात नव्हतं. पुढच्या पेशीला गैरहजेरीचं कारण द्यायचं म्हणून वकीलसाहेबांनी अर्जात पक्षकार आजारी होती असं लिहिलं. ते नेहमी तसंच लिहीत, टायपिस्टला ते वाक्य तोंडपाठ होतं. आईला कळलं तेव्हा तिने विचार केला की लिहिलंय आजारी, तर आजारी दिसायलाही हवं. न्यायाधीशसाहेबांसमोर उभी राहिली, पदर तोंडाला लावला आणि अशी खोकू लागली की साहेबांनी शिपायाकडून पाणी आणवलं. माझी आई, जिला मी आयुष्यात कधी शिंकताना पाहिलं नव्हतं. अर्ज मंजूर झाला. परत येताना ती बसमध्ये मोठ्या ऐटीत बसली होती.

तर मी कायदा शिकले. गोंदियालाच, एसटीने येऊन-जाऊन. शेवटच्या वर्षी वकीलसाहेबांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. पक्षकारांना बाक होता, ही हातांची, लाकडी, अगदी त्यांच्या खुर्चीच्या जोडीची. सगळ्या शेडला त्यांनी सांगून टाकलं की माझी ज्युनिअर येणार आहे. तालुक्यात तेव्हा बाई वकील नव्हती. आईने ही बातमी धानाच्या रोपांचे परे टाकायच्या आधीच सगळ्या गावात पेरली.

आणि त्याच उन्हाळ्यात माझी क्लार्क म्हणून निवड झाली. अर्ज मी एका सरांच्या सांगण्यावरून केला होता, होईल असं वाटलं नव्हतं. मुलाखतीच्या रांगेत नागपूर-पुण्याची मुलं होती. त्यांतल्या एकाने विचारलं, गोंदिया छत्तीसगडमध्ये येतं ना? मी म्हटलं, नाही, छत्तीसगड गोंदियात येतं. तो ते लिहून घेईल की काय असं वाटलं.

काम असं होतं. न्यायमूर्तींच्या चेंबरमध्ये बसायचं, दुसऱ्या दिवशी बोर्डावर असलेल्या प्रकरणांच्या फायली वाचून थोडक्यात टिपण करायचं, जुने निकाल शोधून द्यायचे. एक वर्ष. त्या वर्षात वकिली करायची नाही. आणि चेंबरमध्ये जे वाचलं-ऐकलं ते बाहेर कधीही बोलायचं नाही.

क्लार्क हा शब्द ऐकून गावात जे काय झालं ते मी सांगत बसत नाही. आईचा आक्षेप मात्र निराळा होता. देवरीत खुर्ची तयार आहे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं कशाला? नुकत्याच वकील झालेल्या एका पोराने वकीलसाहेबांकडे त्या खुर्चीसाठी आधीच विचारणा केली होती, आणि वर्षभर खुर्ची रिकामी ठेवायला वकीलसाहेब काही देव नव्हते. ती मला म्हणाली, "वकील झालीस तं वकिली कर ना वं. दुसऱ्याच्या फायली कायले वाचून राहिली?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. एकदा खुर्ची गेली की देवरीत दुसरी मिळणार नव्हती. नागपुरात राहायची भीती होती, माझ्या इंग्रजीची तर होतीच. मी नाही म्हणायचं ठरवलं आणि ही आनंदाची बातमी द्यायला वकीलसाहेबांकडे गेले.

त्यांनी आधी चहा मागवला. चहा संपल्यावर मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे आता रागावणार हे मला कळलं.

"देख बेटा," ते म्हणाले, "मी उमरभर इथून कागद वर पाठवून राहिलो. वर त्याईचं का होते, कोन वाचते, कसा वाचते, मले मालूम नाही. खालून गठ्ठा जाते, वरून एक लाइन येते. खारीज. काऊन खारीज, थे मी पक्षकाराले का सांगू? तू जा. पाहून ये."

मी खुर्चीचं विचारलं. ते म्हणाले, "खुर्चीले पाय हायेत, पन चालता येत नाही तिले."

मी गेले. आईने डबा दिला, पण बसपर्यंत सोडायला आली नाही.

पहिले महिने वाईट गेले. जन्मात पहिल्यांदा मी रोवणीला घरी नव्हते. मी हाताने कामाची होते असं नाही, माझी ओळ वाकडी जायची आणि बाया मला हसायच्या, पण त्या हसण्याची सवय होती. नागपुरात पाऊस पडला की लोक छत्री उघडून पुढे जायचे. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, आज तलाव भरला असेल, आता पाण्याच्या पाळ्या लागतील. सोबत क्लार्क असलेल्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, किती रोमँटिक. तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

आमच्या न्यायमूर्ती बाई होत्या. चेंबरमध्ये आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. त्यांची पद्धत ठरलेली होती. टिपण एका पानाचं, दुसऱ्या पानावर गेलं की न वाचता परत. सगळ्यात वर तारखा. काय कधी झालं ते आधी, कोण बरोबर ते नंतर. टिपणात 'दुर्दैवाने' असा शब्द आला की त्या पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल करत, आणि पहिल्या महिन्यात माझ्या कागदांवर इतके गोल होते की मला ते स्वप्नात दिसू लागले. माझं इंग्रजीही त्या पेन्सिलीने दुरुस्त करत. एकदा मी माफी मागितली तेव्हा वर न बघता म्हणाल्या, "इंग्रजी येईल. तू विचार मराठीत करतेस, ते सोडू नकोस." त्यांनी माझं कौतुक असं कधी केलं नाही. पण हे वाक्य मी आजही जपून ठेवलं आहे, आणि त्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

दिवाळीत घरी गेले. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस होते, गावोगाव नाटकं लागली होती. देवरीला उतरले तेव्हा शेडकडे पाहिलं तर वकीलसाहेबांच्या टेबलापाशी तो पोरगा बसलेला. कशावर बसला होता ते गर्दीत दिसलं नाही, आणि मी बघायलाही थांबले नाही. रागाने तशीच गावच्या बसमध्ये चढले. दिवाळीभर माझं तोंड फुगलेलं होतं. आई म्हणाली, मी सांगितलं होतं. तिचं हे एक वाक्य मला वर्षभर पुरलं असतं. नागपूरला परत जाताना मी जवळजवळ ठरवलंच होतं की राजीनामा द्यावा, अजून वेळ गेलेली नाही.

राजीनामा लिहिण्याआधी जे झालं ते सांगते. कोणतं प्रकरण, कुणाचं, ते सांगणार नाही. त्या बाबतीत माझी अळीमिळी गुपचिळी आहे आणि राहील. आणि ते एका प्रकरणातलं नव्हतंच.

खालच्या कोर्टात हरलेल्या माणसाने वर अपील करायचं तर त्याला मुदत असते. मुदत टळली की उशीर का झाला याचं कारण देणारा अर्ज जोडावा लागतो. कारण पटलं तर अपील ऐकतात, नाही पटलं तर दारातूनच परत. असे अर्ज रोज येत. आमच्या भागातले आले की मी जरा ममतेने वाचायची. उशिराचे दिवस पाहिले की आषाढ-श्रावण, कारण पाहिलं की आजारपण. कुणाला ताप, कुणाला कंबर, कुणाला अतिसार. सोबत डॉक्टरची चिठ्ठी. मी प्रामाणिकपणे टिपणात लिहायची: उशिराचं कारण, आजारपण.

एका दुपारी मॅडमनी मला बोलावलं. माझं टिपण त्यांच्यासमोर होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या भागात दर श्रावणात साथ येते का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि हसू आलं, आणि मग घाम फुटला.

"साथ नाही, मॅडम," मी म्हटलं. "रोवणी असते."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी सांगितलं. धानाचे परे आधी एका तुकड्यात वाढवतात. ते ठरावीक दिवसांत उपटून चिखलात रोवावे लागतात, दिवस टळले की परे जुने होतात आणि मग पीक येत नाही. चिखल करायला पाणी लागतं, तलावाचं पाणी पाळीने मिळतं. पाळी चुकली की ती पुन्हा यायला सगळ्या गावाची पाळी व्हावी लागते. रोवायला बाया लागतात, त्याही पाळीनेच. त्या दिवसांत आमच्याकडे माणूस स्वतःच्या लग्नालाही जाणार नाही, कोर्टात कुठून येईल. इतकं एका दमात मी त्या चेंबरमध्ये कधी बोलले नव्हते.

"मग तसं का लिहीत नाहीत?" मॅडमनी विचारलं.

गावात कुणी विचारलं की काल का आला नाहीस, तर रोवणी एवढा एक शब्द पुरतो, पुढे कुणी विचारत नाही. पण तोच माणूस कोर्टाच्या कागदापाशी आला की त्याला वाटतं, एवढ्या मोठ्या साहेबांपुढे चिखलाचं काय सांगायचं. मोठ्या ठिकाणी मोठं कारण न्यायला हवं, पाहुण्यांकडे जाताना इस्त्रीचा सदरा घालावा तसं. मरणाच्या खालोखाल मोठं म्हणजे आजारपण. मी एवढंच म्हटलं, "लाज वाटते, मॅडम."

त्यांनी टिपणावरच्या तारखा पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाल्या, "रोवणी लिहिली असती तर मी रोवणीचा विचार केला असता. आता मी डॉक्टरच्या सहीचा विचार करत बसले आहे. मला इथे बसून तुमची शेतं दिसत नाहीत. कुणीतरी लिहिलं तरच दिसतील."

त्या प्रकरणात पुढे काय झालं ते विचारू नका. मी बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसले आणि मला आई दिसली, पदर तोंडाला लावून खोकणारी. इतकी वर्षं आम्ही त्यावर हसत आलो होतो. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. ऐन उन्हात, ऐन पावसात शेत ओढणारी बाई, आणि कोर्टासमोर आपलं काम सांगायला तिला लाज वाटली, दुखणं मात्र उसनं आणावं लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. राजीनामा मी लिहिला नाही. देवरीच्या शेडखाली बसून मला हे जन्मात कळलं नसतं, कारण तिथे आम्ही सगळेच खोकणारे होतो.

वर्ष संपलं. मॅडमनी निरोप देताना ती पेन्सिल दिली असती तर गोष्ट छान झाली असती, पण त्यांनी हात जोडले आणि पुढची फाइल मागवली. मला तेही आवडलं.

देवरीला उतरून मी थेट शेडकडे गेले. वकीलसाहेब टेबलाशी होते. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती आणि तिच्यावर फायलींचा ढीग होता, बसेल त्याच्या हनुवटीला लागेल एवढा. तो पोरगा समोरच्या बाकावर बसला होता. तो मला म्हणाला, "मॅडम, या फायली एका वर्षात एकदाबी हलल्या नाहीत. मी उचलाले गेलो की साहेब म्हनते, राहू दे, अर्जंट हाये." वकीलसाहेबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि चहा मागवला. दिवाळीत मी थांबून पाहिलं असतं तर फराळ तरी गोड लागला असता. फायली त्यांनी स्वतः उचलल्या. मी बसले, आणि मला रडू आलं ते मी चहाच्या वाफेत घालवलं.

त्यांनी मला नागपूरचं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी शपथेने बांधलेली आहे हे त्यांना माहीत होतं. पण मला ते लागून राहिलं. त्यांनी मला एकाच कामासाठी पाठवलं होतं, आणि पाहून आलेलं मी त्यांना सांगू शकत नव्हते.

मग परतल्यावरची पहिली दिवाळी जवळ आली आणि सालेकशाकडचा, मुलीकडे देवरीला राहायला आलेला एक शेतकरी आमच्याकडे आला. अपिलाची मुदत श्रावणात टळली होती. हातात डॉक्टरची चिठ्ठी तयार. वकीलसाहेबांनी चहा मागवला. टायपिस्टने विचारायच्या आधीच कागद चढवला.

चहा संपल्यावर मी त्या काकांना म्हटलं, "तब्येत बरी होती ना त्या दिवसांत?"

त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेब चष्मा पुसत होते.

"बरी होती," काका म्हणाले. "परे जुने होऊन राहिले होते, बाई. आन पान्याची पाळी आली होती."

मी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि अर्ज स्वतः लिहायला घेतला. रोवणी चालू होती, म्हणून येता आलं नाही. तारखा वर घातल्या. दुर्दैवाने कुठेच लिहिलं नाही. लिहून कागद वकीलसाहेबांपुढे सरकवला. ते बराच वेळ वाचत राहिले. त्यांनी पेन उघडलं तेव्हा मला वाटलं, आता खोडणार आणि जुनं वाक्य घालणार. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं.

त्यांनी खाली एक ओळ वाढवली. तलावाचं पाणी त्या गावाला पाळीने मिळतं आणि अर्जदाराची पाळी कोणत्या दिवशी होती, ती. मग कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाले, "पाळीचं लिहाच लागते. नाही तं वर जो वाचते, त्याले वाटन, दोन दिस मागून रोवलं असतं तं का बिघडलं असतं."

वर जो वाचतो. मी त्यांना काहीएक सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आईला एवढंच सांगितलं की आज एका अर्जात उशिराचं कारण म्हणून रोवणी लिहिली. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"असं लिहिता येते?" तिने विचारलं.

"येते."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग मी कायले खोकली वं त्या दिवशी?"

त्या मुलीला मी उद्या सकाळी फोन करणार आहे. जा म्हणून सांगेन, आणि जाण्याआधी एकदा देवरीला येऊन आमच्याकडे चहा घे म्हणेन.